पिंजारी सर आणि मारुतीमागचा कापूस

पिंजारी सर कोणाच्या घरी गेले की बसायच्या आधी गादी चिमटीत धरून पाहत. यजमान "बसा ना सर" म्हणत ताटकळलेला आणि सर वाकून गादीची शिवण चाचपताहेत, हा देखावा मलकापुरातल्या निम्म्या घरांनी पाहिला असेल. लग्नाच्या बैठकीतही तेच. एकदा वरपित्याच्या पाठीमागच्या तक्क्यातून त्यांनी शिवणीबाहेर आलेला कापसाचा पुंजका ओढला, दोन बोटांत ताणून पाहिला आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, "अमेरिकन हाये. दोन वर्सात गोळे होतील याचे." आम्ही विद्यार्थी मागे बसून तोंडावर रुमाल धरून हसत होतो.

कॉलेजच्या पगारपत्रकावर त्यांचं नाव अर्थातच दुसरं होतं. पण त्यांचे वडील जातीने आणि धंद्यानेही पिंजारी. खांद्यावर धनुष्यासारखी धुनकी टाकून मलकापूर-नांदुऱ्याकडच्या गावांत फिरायचे, लोकांच्या ओसरीवर बसून जुना कापूस पिंजायचे आणि गाद्या भरून द्यायचे. सरांनी वनस्पतिशास्त्रात डॉक्टरेट केली तीही कापसातच. मुलं मागून 'पिंजारी सर' म्हणतात हे कळल्यावर त्यांना राग आला नाही, उलट छाती फुगली. "डॉक्टर तं कोनीबी होते बे," ते म्हणाले, "पिंजारी व्हाले सात पिढ्या लागतात." मी आधी त्यांची विद्यार्थिनी होते, पुढे त्याच विभागात त्यांच्या हाताखाली शिकवायला लागले. त्यांनी मला शेवटपर्यंत 'बेटा'च म्हटलं. फक्त प्राचार्य समोर असले की 'मॅडम' म्हणत आणि हळूच डोळा मिचकावत.

त्यांचं सगळं शास्त्र एका वाक्यात होतं: "नातं चेहऱ्यावरून जोडू नये, चुकांवरून जोडावं." हे वाक्य आम्हाला समजलं ते एका चाचणी परीक्षेमुळे. कापसाच्या फुलाची आकृती काढायची होती. कापसाच्या फुलाला पाकळ्या पाच, पण डझनभर पेपरांत सहा निघाल्या. सर ओरडले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर एक झाड काढलं. बुंध्याशी सहा पाकळ्यांचं फूल. सहा पाकळ्या काढणाऱ्यांपैकी काहींनी देठही उलट्या बाजूला काढला होता, ती एक फांदी झाली. त्या फांदीतल्या दोघांनी परागकणाचा बाण थेट पानावर नेला होता, ती डहाळी झाली. कोणी कोणाचं पाहून काढलं याची सबंध वंशावळ फळ्यावर उभी राहिली आणि सगळा वर्ग बुंध्यावरच्या मुलाकडे, म्हणजे पहिल्या बाकावरच्या अतिहुशार गड्याकडे वळून पाहू लागला.

"पाच पाकळ्या काढनारे सारे एकमेकांचे सोयरे हायेत, असं म्हनता येत नाही," सर सांगू लागले. "बरोबर उत्तर कोनालेबी सुचू शकते. पन सहावी पाकळी बारा जनाले आपोआप सुचत नाही. जिवाचंबी असंच हाये. पिढीमागून पिढी नक्कल होते, नकलेत चुका होतात, त्यातल्या काही टिकतात आन् पुढं जातात. ज्यांच्या चुका सारख्या, त्यांचा आजा एक." मी आज मुलांना हेच शिकवते. जनुकांच्या अक्षरांचे तक्ते पडद्यावर दाखवते, संगणक झाड काढून देतो. पण सहावी पाकळी सांगितल्याशिवाय मुलांच्या डोक्यात काही उतरत नाही.

दुसऱ्या तासाला घड्याळ आलं. प्रत्येक नकलेत सरासरी एक नवी चूक पडते असं धरलं, तर दोन पेपरांमधला फरक मोजून ते किती बाकांमागे वेगळे झाले हे काढता येतं. पण नुसत्या बाकांवरून वेळ कळत नाही, कुठेतरी एक पक्की खूण लागते. चाचणीच्या दिवशी शिपाई पाणी घेऊन आला होता आणि एका पेपरावर पाणी सांडलं होतं. शिपायाची वेळ ठरलेली. तेवढ्या एका डागावरून सरांनी कोणी किती वाजता कॉपी केली ते सांगून टाकलं. झाडांच्या बाबतीत अशी खूण म्हणजे खडकात दबलेला परागकण किंवा पानाचा ठसा, कारण खडकाचं वय दुसऱ्या रीतीने काढता येतं. पुढे ते म्हणाले, हे मी शाळेत नाही, आईकडून शिकलो. त्यांच्या आईला त्यांची जन्मतारीख माहीत नव्हती. "पूर आल्ता आन् तुह्या बापाची धुनकी वाहून गेल्ती, त्या सालचा तू," एवढंच ती सांगायची. "म्हनून माहं वयबी अंदाजानं हाये आन् कापसाचंबी," सर हसत म्हणाले. "पन अंदाज म्हंजे थाप नोये. अंदाज सांगनाऱ्यानं तो कितीनं चुकू शकते तेबी सांगा लागते."

बीटी कापूस आमच्या भागात आला आणि चार-पाच हंगामांत देशी कापूस शेतांतून नाहीसा झाला. लोक सरांना विचारत, हे परदेशी वाण आपल्या मातीत कसं टिकणार? सरांना 'परदेशी' या शब्दाची गंमत वाटे. देशी कापसाच्या पेशीत सव्वीस गुणसूत्रं असतात, बीटी ज्यातून केला त्या अमेरिकन कापसाच्या पेशीत बावन्न. आणि त्या बावन्नांतली अर्धी आपल्या देशी कापसाच्या जवळच्या नातलगाची. दहा-पंधरा लाख वर्षांमागे कधीतरी आपल्या बाजूच्या कापसाचा कोणी भाऊबंद समुद्रापार पोचला, तिकडच्या कापसाशी त्याची सोयरीक जमली आणि त्यातून ते घराणं निघालं. "अर्धी पुतणी हाये आपली," सर म्हणत. "माहेरी आली तं घरच्याइलेच बाहेर काढलं तिनं." आता शेतकऱ्याला या नात्याचा काय उपयोग, असा प्रश्न मला तेव्हाही पडे आणि आजही पडतो. सरांना तो पडत नसे असं नाही. ते उपयोगाचं खोटं आश्वासन देत नसत, एवढंच.

मग बोंडअळीची वर्षं आली. अळीला मारायला आणलेल्या बीटीला गुलाबी अळी सरावली. तिच्या एका हंगामात कितीतरी पिढ्या होतात, म्हणून तिचं घड्याळ आपल्यापेक्षा जोरात पळतं, असं सर सांगत. नांदुऱ्याजवळ आमचं शेत आहे. माझ्या मोठ्या भावाने त्या वर्षी बोंडं फोडून पाहिली आणि उभ्या पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या पिकात, गुरं सोडली. त्या आठवड्यात सर आमच्या घरी आले होते. दादा त्यांना म्हणाला, "सर, तुमी एवढी नाती काढता. नातं कळून अळी मरते का?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सर मात्र सरळ म्हणाले, "नाही मरत भाऊ." दादाने मान हलवली आणि चहा पुढे केला. मी तेव्हा शिकवत होते त्या वर्गातल्या एका मुलीचे वडील त्या दिवाळीत गेले. ती पंधरा दिवसांनी परत वर्गात आली, तेव्हा कसे गेले हे कोणी विचारलं नाही. त्या वर्षी ते विचारायचं नाही, असं सगळ्या तालुक्यानेच ठरवल्यासारखं होतं.

सरांचा जीव मात्र एका झाडात अडकलेला होता. वडनेर भोलजीच्या पुढे एका लहानशा गावात मारुतीचं देऊळ आहे. देवळामागे देवकापसाचं एक झाड होतं, माणसाच्या दीडपट उंच, हाताच्या मनगटाएवढ्या खोडाचं. शेतातली पऱ्हाटी वर्षाला संपते, हे झाड मात्र देवळाच्या गुरवबुवांच्या आजाच्या वेळेपासून किंवा त्याच्याही आधीपासून तिथे होतं. एक वाळलं की त्याच्याच बियांतून दुसरं उगवायचं. गुरवबुवा त्याच्या कापसाच्या वाती वळत. पुढे बाजारात तयार वाती पाकिटात मिळू लागल्या, तेव्हा त्यांनी झाड ठेवलं ते निव्वळ सरांच्या आग्रहाखातर. सर दर महिन्याला एसटीने तिथे जात आणि पारावर बसून झाडाकडे बघत राहत. "सर, तुमी झाडाले भेटाले येता," गुरवबुवा चिडवत, "मारुती काय म्हनत असन? एवढ्या दुरून मानूस येते, आन् मले पाठमोराच बसते!" सर जायच्या वेळी देवळाच्या पायरीला हात लावून म्हणत, "मारुतीले सांगा, पुढच्या बारीले त्याचीबी चौकशी करतो."

प्रश्न साधा होता. शेतातला देशी कापूस आणि हे झाड एकमेकांपासून कधी वेगळे झाले? शेती सुरू झाल्यानंतर झाले असतील तर हे शेतातूनच निसटलेलं झाड, त्यात विशेष काही नाही. पण त्याच्या पुष्कळ आधी झाले असतील, तर ही गोष्ट मोठी होती. कारण आपल्या देशी कापसाचा रानातला पूर्वज आजवर कोणालाच सापडलेला नाही. या झाडाची पानं, त्याची ती बारीक, हिरवट केसांनी मढलेली सरकी सरांना कुठल्याच वाणाशी जुळत नव्हती. "नसन बी काही," ते मला म्हणाले. "चेहऱ्यावरून सांगून राह्यलो मी, आन् चेहऱ्यावर भरवसा नाही. चुका मोजा लागतीन." नागपूरच्या एका प्रयोगशाळेतल्या ओळखीच्या माणसाने त्या हिवाळ्यात पानं तपासून द्यायचं कबूल केलं. सर नवी नवरी आणायला निघाल्यासारखे खुलले. कॉलेजचं शिबिर आटोपलं की स्वतः पानं घेऊन जातो, म्हणाले.

त्यांची एकच काळजी होती, झाडाला वारस नव्हता. अलीकडे बोंडं कमी लागत, आणि लागत त्यांची सरकी रुजत नसे. फांद्या लावून पाहिल्या, त्या वाळल्या. कॉलेजच्या बागेतला वाफा रिकामाच राहिला. सर म्हणत, यंदा बोंडं बरी दिसतात, शिबिरानंतर सगळी वेचून आणू.

ते हिवाळी शिबिर त्याच गावात होतं. विषय होता फरदड. वेचणी संपल्यावरही पऱ्हाटी उपटायची नाही, पाणी देऊन आणखी दोन वेचे काढायचे, याला आमच्याकडे फरदड म्हणतात. हाती थोडा पैसा येतो, पण तेवढ्या काळात अळीला खायला मिळतं आणि ती पुढच्या हंगामापर्यंत तगते. म्हणून मुलांनी गावभर फिरून फरदड उपटायची आणि जाळायची, असं ठरलं. उद्घाटनाचं भाषण सरांचं. मी तितके तळमळून बोलताना त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "फरदड म्हंजे अळीचं माहेर हाये," ते म्हणाले. "बांधावर असो, परसात असो, एक झाड उभं ठेवू नका. कोनी म्हनन, राहू द्या, हे आमच्या आजाच्या वेळचं हाये. आयकू नका!" मुलांनी टाळ्या वाजवल्या. भाषण संपवून सर परीक्षेच्या कामासाठी मलकापूरला परत गेले. देवळामागचं झाड त्यांच्या मनात आलंच नाही. ते त्यांच्या लेखी कापसाचं पीक नव्हतंच कधी. ते 'ते' होतं.

चौथ्या दिवशी दुपारी सर परत आले, तेव्हा मी शेताकडून मुलींना घेऊन नुकती देवळापाशी पोचले होते. देवळासमोरच्या मोकळ्या जागेत पऱ्हाटीचा ढीग रचलेला होता, पेटवायच्या बेतात. गुरवबुवा लग्नाला देऊळगाव राजाकडे गेले होते. मुलांचा पुढारी धावत सरांपाशी आला. घामाने डबडबलेला, चेहरा नुसता फुललेला. "सर, या ना! अख्ख्या गावात एक झाड नाही ठेवलं. अन् हे पाहा, एवढी जुनी फरदड तुमीबी नसन पाह्यली. पऱ्हाटी उपटायच्या चिमट्यानं निघेच ना, मंग कुऱ्हाड आनली. शेजारची म्हातारी नाही म्हने, देवाचं हाये म्हने. आमी आयकलं नाही." ढिगाच्या माथ्यावर ते मनगटाएवढं खोड आडवं पडलं होतं. पानं अजून हिरवी होती.

मी सरांकडे पाहिलं. मग त्यांनी त्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "शाबास बे पोट्ट्या. चांगलं केलं." मुलगा खुशीत पळाला. सरांनी ढीग पेटवू दिला नाही, आधी जेवून या म्हणाले. सगळे पांगल्यावर ते त्या झाडापाशी उकिडवे बसले. मीही बसले. मला रडू येत होतं आणि त्या मुलांचा इतका संताप आला होता की एकेकाच्या कानाखाली वाजवावीशी वाटत होती.

सरांनी फांदीवरचं एक बोंड तोडलं, नखाने उकललं, सरकी दाताखाली फोडली आणि हातावर घेतली. आत गुलाबी अळी होती. दुसरं बोंड उकललं. त्यातही अळी. त्यांनी झाडावरची सगळी बोंडं एकेक करून उकलली, अगदी मनापासून, घाई न करता. एकही सरकी धड निघाली नाही. सरकी का रुजत नव्हती, ते आता कळलं. आजूबाजूची शेतं नांगरली गेली तरी अळी कुठून येते म्हणून गाव हैराण होतं, ती वर्षभर इथेही मुक्कामाला होती. "पोरं चुकली नाहीत बेटा," सर म्हणाले. "मी सांगितलं तेच हाये हे. माहेरच होतं." मी म्हटलं, "सर, निदान त्यांना सांगायचं तरी." ते म्हणाले, "काय सांगू? का तुमी बरोबर केलं, पन कराले नको होतं?"

त्यांनी पानं खुडली, ओल्या रुमालात गुंडाळली आणि तसेच मलकापूर स्टेशनवर जाऊन नागपूरची गाडी पकडली. खोडाचे तुकडे आम्ही कॉलेजच्या बागेत लावले. सर रोज स्वतः झारीने पाणी घालत. उन्हाळ्यापर्यंत ते सगळे वाळले. गुरवबुवा लग्नाहून आल्यावर सरांना भेटायला मलकापूरला आले. त्या झाडाच्या जुन्या कापसाच्या वळलेल्या थोड्या वाती त्यांच्या हातात ठेवल्या आणि परत गेले.

नागपूरहून निकाल सहा-सात महिन्यांनी आला. मी स्टाफरूममध्ये समोरच होते. शेतातल्या देशी कापसाची जेवढी वाणं तपासलेली होती, ती सगळी एका फांदीवर आणि हे झाड त्या साऱ्यांच्या बाहेर, एकटं. माणसाने कापूस पेरायला सुरुवात केली त्याच्या बऱ्याच आधी ते वेगळं झालेलं. नक्की किती आधी, हे एवढ्याशा पानांवरून सांगता येत नाही. काही हजार वर्षंही असतील किंवा लाखाच्या घरातही जाईल. अंदाज आवळायचा असेल तर आणखी झाडांचे नमुने पाठवा, ताजी सरकी पाठवा, असं खाली लिहिलेलं होतं. सर म्हणाले, "बरोबर होतो मी." बरोबर ठरल्यावर इतका उद्ध्वस्त झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्यानंतर शोध थांबवला असं नाही. आम्ही दोन वर्षं पार अजिंठ्याच्या डोंगराच्या कडेपर्यंत देवळं, दर्गे, जुनी परसं धुंडाळली. मिळाला तो सगळा शेतातून निसटलेला कापूस.

निवृत्त झाल्यावर ते देऊळगाव राजाला मुलीकडे राहायला गेले. मी शेवटचं भेटले तेव्हा अंथरुणावर होते. मला वाटलं होतं, झाडाचा विषय निघेल. त्यांनी दादाची चौकशी केली. दादाने शेत बटईने, म्हणजे वाट्याने, कसायला देऊन टाकलंय आणि तो एका गोदामावर हमालीचा हिशेब बघतो, असं मी सांगितलं. "एकेक फांदी अशीच जाते बेटा," ते म्हणाले. "आपन नंतर झाड काढून पाहातो, तवा तठी काही होतं एवढं समजते. थांबवता काहीच येत नाही." मी धीराचं काहीतरी बोलायला गेले. त्यांनी हात हलवून मला थांबवलं. पोकळ बोललेलं त्यांना कधीच खपत नसे. त्या पावसाळ्यात ते गेले.

मागल्या वर्षी नागपूरहून कापसावर संशोधन करणारी एक मुलगी माझ्याकडे आली. तिला मारुतीमागचा कापूस पाहायचा होता. मी तिला घेऊन गेले. देवळामागे आता फरशी घातली आहे, गुरवबुवांचा मुलगा तिथे मोटरसायकल लावतो. ती फरशीकडे पाहत उभी राहिली. मग तिने विचारलं, "मॅडम, हे बाकीच्या कापसापासून वेगळं कधी झालं असेल? तुमच्या सरांना काय वाटायचं?" मी म्हटलं, माणसाने कापूस पेरायच्या आधी काही हजार ते लाखभर वर्षं, याहून जवळचं आता कोणालाच सांगता येणार नाही. ती म्हणाली, "आणि संपलं कधी?" ते मी तिला वारासकट सांगितलं. ती दुपारची वेळ होती, मुलं जेवायला बसायची होती, आणि मी शेताकडून नुकती इथे पोचले होते.